अक्काची बरणी

माझं काम काय, हे सांगायला लागले की समोरच्याच्या चेहऱ्यावरचं कौतुक हळूहळू उतरत जातं. मी नांदेडला एका प्रयोगशाळेत असते. माणसाच्या, उंदराच्या, माकडाच्या पेशी काचेवर वाढवते आणि त्यांच्यात कुठलं प्रोटीन कुठं बसलंय ते बघते. संपलं. माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, निलंग्याजवळ ऊस आणि तूर करतात. त्यांनी एकदा हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे तलाठ्याचं काम हाय की. कोण कुठं राहतंय, लिवून ठेवायचं." मला लई राग आला होता. एवढं शिकून शेवटी तलाठी! पण पुढं वर्गात मीच हे सांगायला लागले, दाजींना न कळवता.

कारण प्रोटीन पेशीत आहे एवढं कळून काही भागत नाही. ते कुठं आहे? आत केंद्रकात बसलंय, का बाहेरच्या पडद्यापाशी थांबलंय, का नुसतंच मधल्या रसात हिंडून राहिलंय? जागा बदलली की काम बदलतं. आणि ही जागा बघायची तर पेशी आधी आहे तशी थिजवावी लागते. फॉर्मलिन घालायचं, तेही ताबडतोब. उशीर झाला की पेशी मरता मरता स्वतःलाच खायला लागते, प्रोटीनं विरतात, आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसतं ते खरं नसतं. वाईट हे, की ते खोटं आहे असं कळत नाही. नुसतं रिकामं दिसतं. आणि रिकामं दिसलं की आपण म्हणतो, नव्हतंच.

यावरून मी विद्यार्थ्यांना फार बोलते. फोन आला म्हणून पेशींची बशी तशीच टेबलावर ठेवून बाहेर गेलेल्या एका मुलीला मी रडवलं होतं. "गप्पा मारायच्या तर खुशाल मार, पण मग ही बशी कचऱ्यात टाक, माझ्यापुढं आणू नको," असं सगळ्यांदेखत म्हणाले होते. हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढं मी काय केलं ते नीट कळेल.

अक्का माझ्याहून पुष्कळ मोठी. आम्ही उदगीरच्या, वडलांचं मोंढ्यात धान्याचं दुकान. मी लहान असताना आई गेली, त्यामुळं माझी वेणी घालण्यापासून ते मला ओढत शाळेत नेऊन सोडण्यापर्यंत सगळं अक्कानंच केलं. तिचं लग्न झालं तेव्हा मी तिच्याआधी जीपमध्ये जाऊन बसले होते आणि काही केल्या उतरेना. शेवटी दाजीच म्हणाले, राहू द्या, येऊ द्या चार दिवस. तेव्हापासून निलंग्याचं ते घर माझं अर्धं माहेर आहे.

अक्काचे केस कमरेच्याही खाली. रविवारी न्हायली की अंगणात बाजेवर केस पसरून बसायची, आणि येणारी-जाणारी प्रत्येक बाई तिथं थांबून काहीतरी बोलल्याशिवाय पुढं जायची नाही. "काय लावतीस गं?" असं कुणी विचारलं की अक्का म्हणायची, "सासूचे टोमणे. रोज थोडे थोडे." सासू, जिला सगळं घर अव्वा म्हणतं, आतून ऐकून हसायची.

तर या अक्काच्या छातीत गाठ निघाली. तिनं ती बरेच दिवस अंगावर काढली, ऊस जाऊ दे, मग बघू, असं करत. लातूरच्या डॉक्टरांनी जाड सुईनं बारीकसा तुकडा काढून तपासला तर कॅन्सर. कुठलं औषध लागू पडेल हे सांगणाऱ्या तपासण्या मात्र ऑपरेशननंतर मोठ्या तुकड्यावर एकदमच करू, असं ठरलं. आणि ऑपरेशनची तारीख मिळाली ती नेमकी येळवशीच्या आदल्या दिवशीची.

येळवस म्हणजे वेळा अमावस्या. पुण्या-मुंबईच्या मैत्रिणींना मी कितीदा समजावलंय, पण त्यांना ते खरं वाटत नाही. त्या दिवशी आमच्याकडं गावंच्या गावं ओस पडतात. दुकानं बंद, रस्ते मोकळे, लातूरसारख्या शहरात कुत्रंसुद्धा दिसत नाही, कारण माणूस न् माणूस कुणाच्या ना कुणाच्या शेतात जेवायला गेलेला असतो. ज्याला शेत नाही त्याला दहा ठिकाणचं बोलावणं असतं.

ऑपरेशन सकाळी झालं. आमच्याकडं काढलेला अवयव तपासायला पेशंटच्याच माणसांनी न्यायचा असतो. दुपारी नर्स बाहेर आली आणि म्हणाली, "लॅबला कोण नेणार?" दाजींनी माझ्याकडं बोट केलं. "ही त्याच लाईनमधली हाय. हिच्याकडं द्या." त्यांच्या बोलण्यात इतका अभिमान होता की मी जरा ताठ उभी राहिले. नर्सनं लोणच्याच्या बरणीएवढी एक प्लास्टिकची बरणी माझ्या हातात दिली. वर चिकटपट्टी, तिच्यावर अक्काचं नाव. आत माझ्या बहिणीची छाती. अख्खी, न कापलेली, कशीबशी कोंबलेली, आणि फॉर्मलिन जेमतेम निम्म्यापर्यंत.

हे मी पाहिलं का? पाहिलं. पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली, कारण बघवत नव्हतं. बरणी टॉवेलात गुंडाळली आणि पिशवीत घातली. दुसऱ्या कुणाची बरणी असती तर मी त्या नर्सला तिथंच धारेवर धरलं असतं. अशी बरणी देतात का? मोठी घ्या, काठोकाठ भरा, आणि चिरा तरी पाडा त्याला, आतपर्यंत औषध जाणार कसं? फॉर्मलिन चरबीतून मुंगीच्या पावलानं आत शिरतं. पोचेपर्यंत मधला भाग मरून विरायला लागलेला असतो. मला हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं.

आत अक्का अर्धवट शुद्धीत होती. तोंड कोरडं पडलेलं, पण हुकूम सोडायची सवय काही गुंगीनं गेली नव्हती. "डबा मिळाला का?" मी हो म्हणाले. "मग हितं काय करून राहिलीस? सरळ नांदेड गाठ. येळवस काय पळून जाती का? पुढल्या साली हायच की."

आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर तपासणीच्या एक डॉक्टर मॅडम बसतात. त्यांना मी आधीच सांगून ठेवलं होतं. त्या फोनवर म्हणाल्या, "संध्याकाळपर्यंत आण, मी थांबते. आजच कापून नीट फॉर्मलिनमध्ये टाकू, मग उद्या मी जाते माझ्या शेतात." सगळं जुळलेलं होतं. नांदेडची गाडी स्टँडवर लागलेली होती. मी स्टँडवर पोचलेसुद्धा होते.

तेवढ्यात अव्वाचा फोन आला. "पोरी, ती दोघं बी तिकडं दवाखान्यात. उद्या शेतात पांडव मांडायला घरचं माणूस न्हाई. तू येतीस का? न्हाई जमलं तर राहू दे, भावकी हाय." राहू दे, असं ती स्वतः म्हणाली. भावकीतल्या बायका होत्या, शेजारणी होत्या. माझ्यावाचून तिथं काहीही अडलं नव्हतं.

आता खरं सांगते. मला भज्जी खायची होती.

हसू नका. येळवशीची भज्जी म्हणजे बटाट्याची भजी नव्हे. ओले तुरीचे दाणे, हरभरा, वाटाणा, मेथी, चिंच, बेसन, घरात आणि शेतात जे जे हिरवं असेल ते ते, सगळं मोठ्या पातेल्यात शिजवतात. ती बाजरीच्या पिठाच्या वाफवलेल्या उंड्याबरोबर, वर ताकातली गार आंबील पीत, थंडीच्या उन्हात बसून खायची. शिक्षण, परीक्षा, मग नोकरी, या भानगडीत मी कित्येक वर्षं येळवस खाल्ली नव्हती. आणि दुसरंही एक होतं. ती पिशवी घेऊन एकटीनं नांदेडला जायचं आणि मॅडम सुरी घेऊन अक्काची छाती कापणार ते बघायचं, हे मला नको वाटत होतं. शेतात जावं, सगळ्या बायकांत बसावं, कुणीतरी पाठीवरून हात फिरवावा. एवढंच वाटत होतं. ही दोन कारणं मी आजवर शंभरदा उलटसुलट करून बघितली आहेत. कुठलं मोठं, ते मलाच सांगता येत नाही.

मी मॅडमना फोन केला. "मॅडम, आज नाही जमत. परवा सकाळी आणते. फॉर्मलिनमध्येच आहे."

"बरणी मोठी आहे ना? सगळं बुडालंय ना नीट?"

"हो," मी म्हणाले.

निलंग्याच्या गाडीत बरणी मांडीवर होती. औश्याला एक बाई चढली, शेजारी टेकली, पिशवीकडं बघून म्हणाली, "जपून धरलंय, तूप हाय का?" मी म्हणाले, "लोणचं हाय." आणि त्या बाईनं मला कैरीच्या लोणच्यात मोहरी किती घालायची ते निलंगा येईपर्यंत सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळं घेऊन शेतात गेलो. घराला कुलूप लागणार होतं. बरणी मागं ठेवली तर अक्कालाच एकटीला कोंडून आल्यासारखं मला वाटेल म्हणून मी पिशवीही बरोबर घेतली, आणि तुरीच्या सावलीत, आंबिलीच्या घागरीपलीकडं ठेवली. कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, उभी राहिली, आत चुना लावलेले पाच दगड, तेच पांडव, मांडले, अव्वानं पूजा केली, आणि पोरं "ओलगे ओलगे" ओरडत रानभर आंबील शिंपडत पळाली. मी पोट फुटेस्तोवर जेवले. भावकीतली एक काकू म्हणाली, "बघा, शास्त्रज्ञ बाई कशी खाती!" सगळ्या हसल्या. मीही हसले. अक्का बरी होणार असं त्या उन्हात मला अगदी खात्रीनं वाटत होतं. ऊन वाढलं तशी तुरीची सावली सरकली, आणि मला ते बऱ्याच वेळानं दिसलं. मी उठून पिशवी पुन्हा सावलीत ठेवली आणि परत येऊन बसले.

तिसऱ्या दिवशी उदगीरमार्गे नांदेड गाठून मी बरणी मॅडमना दिली. देण्याआधी आमच्या लॅबमध्ये जाऊन मी ती फॉर्मलिननं काठोकाठ भरली. का भरली? आता काय उपयोग होता त्याचा? मॅडमना निम्मी बरणी दिसू नये म्हणून भरली.

तपासणी आली. या आजारात हार्मोन धरून ठेवणारं एक प्रोटीन बघतात. ते पेशीच्या केंद्रकात दिसलं तर एक साधी गोळी असते, रोज एक, वर्षानुवर्षं घ्यायची, आणि आजार परत येण्याची भीती तिनं पुष्कळ कमी होते. ते नसेल तर त्या गोळीचा काडीचा उपयोग नाही. अक्काचं ते नव्हतं. त्याच्या जोडीला आणखी दोन प्रोटीनं बघतात, तीही नव्हती. डॉक्टरांनी दाजींना सांगितलं, ही जात जरा अवघड, हिला केमोच द्यावी लागणार, तीही तगडी, आणि नंतर नुसतं लक्ष ठेवायचं, गोळी वगैरे काही नाही. दाजी त्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिले होते. मी त्यांच्या शेजारी बसून रडले. मनापासून रडले. कसलाही संशय मला आला नाही, हे आज मलाच खरं वाटत नाही.

केमो सुरू झाली. दुसऱ्या खेपेआधीच अक्काचे केस हातात यायला लागले. एके दिवशी तिनं अव्वालाच कात्री दिली आणि बाजेवर बसली. अव्वानं कापले, आणि जमिनीवर पडलेले गोळा करत करत ती म्हातारी अशी रडली की शेवटी अक्कालाच तिला पाणी द्यावं लागलं. हे मला दाजींनी फोनवर सांगितलं. अक्का फोनवर वेगळंच बोलायची. "तेल वाचलं बघ," म्हणायची. पण तोंड आलेलं असायचं, घोट घेताना थांबायची, ते ऐकू यायचं.

मग एकदा तीच म्हणाली, "डॉक्टर म्हणत्यात, माझी जात वंगाळ हाय. तू बघितलंस का गं? तुझ्याच लाईनचं हाय म्हणं ते, कुठं काय बसलंय ते बघायचं. तू एकदा बघ की. तू बघितलं म्हंजे मला बरं वाटंल."

मी बघितलं नव्हतं. खालच्याच मजल्यावर तिच्या गाठीचे काप लावलेल्या काचा होत्या आणि मी जिना उतरले नव्हते. त्या दिवशी उतरले. मॅडमनी काच काढून दिली. मी डोळा लावला आणि आधी काही वेळ नुसतंच बघत राहिले, की ही अक्का. निळी निळी केंद्रकं, प्रोटीन असलं की येतो त्या तपकिरी रंगाचा मागमूस नाही. रिपोर्ट बरोबर होता. पण मग मी केंद्रकांच्या कडा बघितल्या. कडा कडाच नव्हत्या. ओल्या शाईवर बोट फिरवल्यासारखं सगळं फिसकटलं होतं. माझ्या विद्यार्थ्यांच्या बशीत असं दिसलं की मी ओळखते, आणि ओरडते.

ती काच गाठीच्या अगदी मधल्या भागाची होती. तिच्यात आजार नसलेला, चांगला भाग नव्हताच. मी मॅडमकडून चांगल्या भागाचा, मेणात बसवलेला ठोकळा मागून घेतला, पातळ काप काढला आणि स्वतः तीच तपासणी केली. कुठल्याही बाईच्या छातीत दुधाच्या चांगल्या नळ्या असतात, आणि त्यांच्यात हे प्रोटीन थोडंफार दिसतंच. आजार असो नसो. तिथंही ते दिसलं नाही, तर समजायचं की प्रोटीन नव्हतं असं नाही, तपासणीला काही उरलंच नव्हतं.

नळ्या कोऱ्या होत्या. एकूण एक.

मी मॅडमना जाऊन सांगितलं. बरणी लहान होती, फॉर्मलिन निम्मंच होतं, मी येळवशीला गेले होते, आणि तुमच्याकडं आणताना वरून भरलं. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडल्या असत्या तर फार बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "मी विचारलं होतं तुला. तू हो म्हणाली होतीस." मग उठल्या आणि लातूरला फोन लावला. सुईनं काढलेला तो पहिला बारीक तुकडा, तो काढल्या काढल्या फॉर्मलिनमध्ये पडलेला होता. त्याचा ठोकळा अजून ठेवलेला होता का? होता. मी तशीच पायात चप्पल सरकवून निघाले, लातूर गाठलं, ठोकळा घेतला आणि त्याच पावली परत आले. या खेपेला वाटेत पाणी प्यायलाही उतरले नाही. हे सांगतानासुद्धा लाज वाटते, कारण आता घाई करायला काय लागतं?

काच तयार झाली. तपकिरी. केंद्रक न् केंद्रक तपकिरी, गच्च भरलेलं. जिथं असायला पाहिजे तिथंच, आपापल्या जागी बसलेलं. अक्काला गोळी चालणार होती. मला तिथंच टेबल धरून ओरडावंसं वाटलं, आणि त्याच क्षणी कळलं की हे सगळं पहिल्यापासून होतंच. दवाखान्यात होतं, बरणीत होतं, निलंग्याच्या गाडीतही बहुतेक थोडं होतं. तुरीच्या सावलीत ते मेलं. मी उंडा मोडत असताना.

लातूरचे डॉक्टर सज्जन माणूस. त्यांनी गोळी लिहून दिली, केमोच्या राहिलेल्या खेपा कमी केल्या. मी विचारलं, "म्हणजे आधीच्या उगाच झाल्या का?" ते म्हणाले, "तसं नाही सांगता येणार. गाठ मोठी होती. कदाचित थोडी केमो दिलीच असती. कदाचित नसतीही." मी हे कदाचित घरी घेऊन आले. ते अजून माझ्याकडंच आहे.

अक्काला मी लगेच सांगितलं. फोनवर नाही, निलंग्याला जाऊन. अंगणात ती बाजेवर बसली होती, डोक्याला पातळ रुमाल बांधलेला, भुवयाही गेलेल्या, आणि तरीसुद्धा शेंगा फोडत होती. मी सगळं सांगितलं. बरणी, मॅडमचा फोन, माझा हो, घागर, भज्जी. काही ठेवलं नाही. "तू मला सरळ जा म्हणली होतीस, अक्का," हेही म्हणाले. ती ऐकत शेंगा फोडत राहिली. मग हात थांबले.

"भज्जी बरी झाल्ती का पण?"

मला वाटलं, चेष्टा करतीये. वर बघितलं तर तिचे डोळे भरलेले होते. "अव्वा चिंच लई घालती," ती म्हणाली. "मी नसले की लई घालती." आणि परत शेंगा घेतल्या. चार शेंगा फोडून म्हणाली, "दाजींना सांगू नको. ते तापट हायेत. मी बघते."

मी नाही सांगितलं. तिनं नको म्हटलं म्हणून, असं मी स्वतःला सांगत राहिले.

मग यंदाची येळवस आली. मी जाणार नव्हते. अक्काचाच फोन आला, "येतीस, का मीच येऊ घ्यायला?" म्हणून गेले. अक्काला केस आले होते, बोटभर, आणि कुरळे. कधी नव्हे ते कुरळे. बायका हात लावून बघत होत्या आणि ती म्हणत होती, "पैसे देऊन करून घेत्यात लोक असे." कोप उभी राहिली, पांडव बसले. तुरीची सावली होती तिथंच होती. मी तिकडं पाठ करून बसले.

जेवायला पंगत बसली तेव्हा दाजींनी विषय काढला. मागच्या आठवड्यात ते अक्काला घेऊन लातूरला गेले होते, आणि डॉक्टर बोलता बोलता म्हणून गेले होते, की तो पहिला रिपोर्ट चुकला कारण बरणी उशिरा पोचली, नीट भरलेलीही नव्हती. दाजींच्या डोक्यात तेव्हापासून हेच फिरत होतं. "त्या नर्सला मी सोडत न्हाई," ते म्हणाले. "उद्याच जातो. माणसाच्या जिवाशी खेळ लावलाय का? कुणी उशीर केला, त्याचं नाव पायजे मला." मग माझ्याकडं वळले. "तू होतीस की तिथं. तूच सांग. बरणी तुझ्या हातात कवा दिली त्यांनी?"

माझ्या तोंडात घास होता. मी तो गिळणार होते आणि बोलणार होते. खरंच बोलणार होते.

"नर्सचं काय चुकलं न्हाई," अक्का म्हणाली. ती वाढत होती, पातेल्यात खाली बघत. "बरणी दुपारीच दिल्ती. मीच म्हणलं हिला, येळवस करून जा. अव्वा एकटी हाय, माझं लक्ष लागंना. ती नकोच म्हणत होती."

दाजींनी हातातला घास ताटात टाकला. मग दाजी भडकले. सगळ्या भावकीसमोर, पोरासोरांसमोर. "अक्कल हाय का तुला? स्वतःच्या जिवापेक्षा येळवस मोठी व्हय? ती शिकलेली पोरगी न्हाई म्हणती, आन् तू अडाणी, तू तिला ढकलती!" आणखी पुष्कळ बोलले. मी त्यांना अक्कावर असा आवाज चढवताना कधी ऐकलं नव्हतं. अव्वानं तोंडाला पदर लावला. अव्वाला माहीत होतं की फोन तिनं केला होता, आणि तीही गप्प बसली. अक्का खाली मान घालून ऐकत होती, ऊन तिच्या त्या बारीक कुरळ्या केसांतून टाळूपर्यंत पोचत होतं. ती एकदाही माझ्याकडं बघत नव्हती.

मी बोलायला पाहिजे होतं. दाजी श्वास घ्यायला थांबले, तेव्हा जागा होती. पाणी प्यायले, तेव्हाही होती. माझा घास कधीच गिळून झाला होता.

दाजी उठून बांधाकडं निघून गेले. अक्का पातेलं घेऊन पंगतीत पुढं सरकत सरकत माझ्यासमोर आली, वाकली आणि पळी भरली.

"घे की," ती म्हणाली. "तुला लई आवडती."

मी ताट पुढं केलं.